उजवीकडून बांधलेलं पुस्तक

प्रिय रावया,

तुला इथे कैरोला इंजिनियरिंगला पाठवायचं की मामाच्या मुलाशी लग्न लावायचं, हे अब्बांनी माझ्यावर सोडलंय. पाठवायला मी नाही म्हणणार होतो. मीच कुठल्या कामावर टिकत नाही, तुझी जबाबदारी कुठे घेऊ?

सध्या कॉलेजच्या फाटकासमोर जाड पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती बांधतो. काल यंत्रशास्त्राचा अख्खा गठ्ठा मी आपल्या अरबी पुस्तकांसारखा उजवीकडून बांधला. ही पुस्तकं इंग्रजी, शिवण डावीकडे हवी. मालक बशंदी ओरडले, "गाढवा, पोरांनी आता डोक्यावर उभं राहून वाचायचं का?"

पोरं हसत निघून गेली. एक मुलगी तेवढी थांबली. बोलणं आपल्या गावाकडचं, सोहागचं.

"दादा, परवा परीक्षा आहे. हेच द्या."

"अगं, उलटं उघडतं ते."

"उघडतं ना? मग झालं."

ओळींची टोकं शिवणीत गेली होती. ती पान वाकवून, तिथेच काउंटरला टेकून वाचायला लागली. चहावाला दोनदा "बाजूला हो, ताई" म्हणाला, तिला ऐकूच गेलं नाही. तू चुलीपाशी बसून वाचायचीस तेव्हा अम्मा अशाच हाका मारायची.

हे पत्र मी टाकणार नाही. तुझी पत्रं आधी अब्बा उघडतात, आणि हो म्हणायचं तर त्यांनाच सांगायला हवं. आता फोन लावतो. माझं 'नाही'च येईल असं धरून बसलेत ते. चिडतील, चिडू देत.

गठ्ठ्यातलं एक पुस्तक बाजूला ठेवलंय. आलीस की देतो.

तुझा भाऊ,
शाझली