व्हॉल बंद असल्याची सही

औंढे,
बुधवार, १० सप्टेंबर

रखमाजीस,

अंगठा घेताना जानूला काय सांगितलंस रे तू? "पगार काढायचाय, हितं टेकव" असंच ना? आशीर्वाद, खुशाली, पोरांची चौकशी, सगळं मागनं. तू फोन उचलत न्हाईस म्हणून चौथीच्या शाळेवर हे लिहितेय. तूच वाच. कोमलला वाचायला देऊ नकोस, पोरीला बापाची लाज वाटंल.

काल जानूची शालन आली होती, त्याला कामावरनं काढल्याची आन् डेपोची खोली सोडायची नोटीस घेऊन. मी अक्षर लावून लावून वाचली. वॉचमन जानूनं टाकीच्या कठड्याचा व्हॉल उघडा ठेवला, म्हणून तेल ओढ्यात गेलं, आन् अंगठा देऊन त्यानं ते कबूल केलंय. अकरा वर्षं डेपोचं गेट राखलं त्या माणसानं. शालन मला विचारते, "ताई, व्हॉल म्हंजे नेमका कोणता वो? ह्यांनी कधी हात लावला न्हाई त्याला."

मी तिला चहा पाजला आन् लावून दिली. दुसरं काय करणार होते?

माझा भाऊ सुपरवायझर झाला म्हणून मी गावभर पेढे वाटले. आता ते आठवलं की तोंड कडू होतं. काय सुपरवायजरी करतोस? गॅरेजांचं जळकं तेल टाकीत भरायचं, टँकरनं पुढं धाडायचं, आन् वर्षाला सरकारचं सर्टिफिकेट टिकवायचं. ते सर्टिफिकेट काचेत घालून हार चढवलाय तुमी, मेलेल्या माणसाच्या फोटोला चढवतात तसा. तपासणी आली की वाळूच्या बादल्यांना लाल रंग. रंग वाळायच्या आत साहेब आला तर बादली धरणाऱ्या बाईचे हात लाल!

आन् ती मॉक ड्रिल. डेपोत कामाला असलेल्या आमा पाच बायांना टोप्या घालून टाकीभोवती पळवलंस. "आक्का, फोटोत हसू नको, गळती झालीय!" साहेबानं विचारलं, तेल सांडलं तर पहिलं काय कराल? मी म्हणाले, आधी तुम्हाला बाजूला करीन, बूट चांगले हायत तुमचे. साहेब हसला आन् पास झालो आपण. तेवढ्यावर मी गळती पथकाची प्रमुख. ट्रेनिंग घेतल्याचा कागद माझ्या नावावर. ट्रेनिंग म्हंजे वडापाव आन् सही.

टाकीभोवती तो कमरेएवढा कठडा का बांधलाय, हे मला कुणी धड सांगितलं न्हाई. टाकी फुटली तर तेल आतच राहावं म्हणून, हे मला आता कळतंय. मला तो खाचराच्या बांधासारखा दिसायचा. पावसाचं पाणी साचलं की व्हॉल उघडून सोडायचं, आधी तवंग बघायचा, दोघांनी उभं राहायचं, बंद करायचा, मग रजिस्टरला सही. असं पाटीवर लिहिलंय. आन् तू अख्ख्या महिन्याच्या सह्या एक तारखेलाच घेतोस. "व्हॉल बंद", "व्हॉल बंद", तीस वेळा. ऑगस्टच्या एकतीस.

व्हॉलच्या कुलपाला किल्ली एकच. ती तुझ्याकडं असायला पायजे. तुला डेपोच्या मागं चिखलात जायचा कंटाळा, म्हणून ती दोन वर्षं माझ्या कमरेला हाय. हे तुला ठाऊक हाय रखमा. तरी तेल गेल्यावर तू मला एक शब्द विचारला न्हाईस. का न्हाई विचारलंस?

मी सांगते. ऐक.

लावणी झाली आन् पाऊस नऊ दिवस दडी मारून बसला. डेपोखालचं माझं भाताचं खाचर भेगाळलं. वर कठड्यात मांडीएवढं पाणी, खाली माझी रोपं पिवळी. कुणाला बघवंल? जानू दुपारी जेवायला गेला तवा मी व्हॉल उघडला. पाणी चांगलं होतं, मी बघितलं. खाचराला पाणी लावलं की आपण बांधावर राखण करत बसतो व्हय? मी वरच्या शेतात तण बेणायला गेले. संध्याकाळी बंद करणार होते. संध्याकाळी पाऊस आला. नऊ दिवसांनी आला तो, मी भिजत घरी गेले आन् व्हॉल डोक्यातनं पार गेला.

त्याच रात्री टँकर भरायच्या पायपाचा जोड कठड्याच्या आत सुटला, आन् तेल उघड्या व्हॉलनं खाली उतरलं. सकाळी माझं खाचर काळं. रोपं मी एकटीनं उपटली, शेजारच्या हिरानं विचारलं तर करपा पडला म्हणाले. खाचरानं अडवलं तेवढं अडवलं, बाकीचं ओढ्याला गेलं.

महिना झाला, मी गप बसले. तुला नावं ठेवतेय, पण मी पण गप बसले. मला वाटलं नुसतं ओरडतील आन् सोडतील. अंगठा घेतील असं वाटलं न्हाई.

तुझा हिशेब मला कळतो. ट्रेनिंगवाल्या बाईनं व्हॉल उघडा टाकला म्हणलं की ट्रेनिंग खोटं, रजिस्टर खोटं, सर्टिफिकेट गेलं. वाडीवरच्या अडाणी म्हाताऱ्यानं टाकला म्हणलं की सगळं खरं राहतं. वर मला सांगशील, "आक्का, तुलाच वाचवलं." असलं वाचवणं मला नको. त्यापेक्षा पोलिसात दे.

डेपो बंद पडला तर बावीस घरांची चूल विझंल म्हणशील. त्यात माझी पण हाय. तरी पुन्यांदा काढा सर्टिफिकेट, खरंखुरं शिकवून काढा. वेळ लागंल तर लागू दे.

सोमवारी तपासणीचा साहेब येणार. त्याच्यापुढं तो अंगठ्याचा कागद गेला तर मी तितंच उभी राहून सगळं सांगणार, तुझ्या नावासकट. त्याआधी तू कागद फाडलास, जानूला कामावर घेतलंस आन् माझ्याबरोबर साहेबापुढं उभा राहिलास, तर दोघं मिळून सांगू. काय ते शनिवारी दिवस मावळायच्या आत कळव. येऊन कळव, दुसऱ्याकडनं निरोप नको.

नंदाबाई

(तुझी आक्का म्हणून लिहायचं का न्हाई, ते शनिवारी ठरवीन.)