परकी हाळी

ओसाका, जपान

आबा, सत्यशीलाचा पाया पडून नमस्कार. मी बरी हाय, जेवण बराबर होतं. मायचा गुडघा कसा हाय?

आमच्या कंपनीच्या मेंढरांच्या गेममध्ये तुमची मेंढरं वळवायची हाळी घातली, हे तुम्ही वाटूर गावभर सांगून बसलात. जपानच्या गेममध्ये ती हाय. भारताच्या गेममधून मात्र काढली. साहेब म्हणतात, तिकडचे लोक गावठी म्हणून हसतील. तिथं एका नटाचा आवाज टाकलाय.

तो गेम तपासून उद्या सही मलाच करायचीय. न्हाई केली तर नोकरी जाईल. पेन उचलवत न्हाई.

तुम्ही म्हणायचे, परक्या हाळीला मेंढरू मान वर करत न्हाई. आबा, त्या गेममधली सगळी वळतात.

तुमची लेक,
सत्यशीला