अजून दोन वेढे

३ सप्टेंबर

आलो एकदाचा समुद्रकाठच्या सेंट ऑडीलला! पूल उतरल्यावर पहिलं दर्शन झालं ते ओकच्या झाडावर चढून बसलेल्या, कोळंबी धरायच्या होडीचं. वादळाला तीन आठवडे झाले तरी होडी तिथंच आहे, आणि कुणीतरी तिच्याखाली 'पार्किंग मनाई'ची पाटी ठोकली आहे. गाव बुडालं, पण थट्टा काही बुडाली नाही. आपल्याला असं गाव आवडतं.

नगराध्यक्षा अर्लीन व्हरे स्वतः पायरीवर उभ्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या, आवाज लाउडस्पीकरसारखा. जुनी कारकून वादळाआधी गाव सोडून गेली ती परतली नाही, म्हणून माझी वर्णी लागली. घटस्फोटानंतर, चाळिशी उलटलेल्या माणसाला नवी नोकरी आणि नवं गाव एकदमच मिळालं, आणखी काय हवं? बाईंनी गंबोचा, म्हणजे इकडच्या कोळंबीच्या दाट रश्शाचा, वाडगा हातात दिला आणि दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत कामाचं अक्षर काढू दिलं नाही. त्यांचा नवरा त्या रात्री माळ्यावर चढला आणि तिथंच बुडाला, हे त्यांनी भात वाढता वाढता सांगितलं.

राहायला मिस फिलोमीन एबेअर यांच्याकडे, पाण्याकाठच्या गल्लीत. सत्तरीची विधवा. उंच खांबांवरचं घर नवऱ्यानं एकट्यानं बांधलेलं. वादळात गल्लीतली दोनच घरं उभी राहिली, एक यांचं आणि शेजारचं त्यांच्या भावाचं, ओझेमचं. दोघांच्या मध्ये पिकॅनचं, अक्रोडासारख्या फळाचं, झाड आहे, आणि त्याची फळं कुणाची यावरून तरुणपणापासून भांडण चालू आहे. ओझेमनं मला कुंपणावरूनच बजावलं, की म्हातारीची कॉफी पी, पण तिच्याशी पत्ते खेळू नकोस, ती सख्ख्या भावालाही सोडत नाही. मिस फिलोमीननं त्याला पळी दाखवली. मी पोट धरून हसलो. ही खिशातली रोजनिशी आता नेमानं लिहायची.

५ सप्टेंबर

कामाचं मुख्य खातं म्हणजे कचरा. लोकांनी घरातलं सडकं-मोडकं रस्त्याकडेला आणून ठेवायचं आणि लोखंडी पंजाच्या ट्रकनं ते उचलून गावाबाहेरच्या डंपावर न्यायचं. कडेला ठेवलं की ते नगरपालिकेचं. मग आत काय आहे, कुणाचं आहे, कुणी विचारत नाही.

सगळ्यात वाईट फ्रिज. वीज गेल्यावर आतली कोळंबी आणि मांस तीन आठवडे उकाड्यात. असा फ्रिज एकदा उघडणारा माणूस पुन्हा उघडत नाही. म्हणून चिकटपट्टीनं करकचून बांधून कडेला ठेवतात, आणि वर रंगानं काहीतरी लिहितात. 'आत सासूबाईंचा स्वयंपाक.' 'उघडलंस तर लग्न करावं लागेल.' एकावर नुसतंच 'नगराध्यक्षा निवडणुकीला उभ्या'. बाईंनीच त्याचा फोटो काढून घेतला.

माझं काम ट्रकच्या आधी गल्लीगल्लीतून फिरायचं आणि सैल झालेल्या फ्रिजना कचेरीतली हिरवी पट्टी मारायची. बरोबर नगरसेवक अल्सीड ड्यूगा, धंद्यानं खाटीक, हात उखळाएवढे. एक फ्रिज आतून टकटक वाजला तेव्हा मी चार पावलं मागं उडालो. अल्सीड हसून हसून खाली बसला. म्हणाला, "अरे शहाण्या, गॅस धरतो आत! पत्रा फुगतो नि वाजतो. अजून दोन वेढे मार, गप होईल."

मारले. गप झाला.

८ सप्टेंबर

आज नगरपालिकेची सभा. समुद्राच्या बाजूनं भिंत घालायला सरकार पैसे देतंय, पण पाण्याकाठची जागा मालकांनी राजीखुशीनं सोडली पाहिजे. बाकी सगळ्यांनी सोडली. उरले बहीण-भाऊ. इंजिनिअर म्हणतो, दोघांपैकी एकाची जागा मिळाली तरी दुसऱ्याच्या घरामागून भिंत वळवता येते. पण आधी सोडायची कुणी?

ओझेम उठला आणि नकाशावर थुंकला. अर्लीनबाईंना म्हणाला, नवरा बुडाला म्हणून आता आमच्या छातीवर भिंत बांधणार काय? अल्सीड शांतपणे उठला, घडीची खुर्ची मिटली आणि ती ओझेमच्या तोंडावर हाणली. दात पडलेला मी ऐकला. म्हातारा टेबलाला धरून उभा राहायला लागला, तर अल्सीडनं त्याच बोटांवर अध्यक्षांचा लाकडी हातोडा घातला. एकदा नाही. खोलीत गावातली पन्नासेक माणसं होती. कुणी हललं नाही. मिस फिलोमीनसुद्धा मांडीवरची पर्स घट्ट धरून बसून राहिल्या.

मग बाईंनी पुढचा विषय घेतला, शाळेचं छप्पर. सभेनंतर सगळ्यांना लाल घेवड्याचा भात होता आणि अल्सीड वाढत होता.

ओझेमच्या हाताला पट्टी मी बांधली. कचेरीत औषधपेटी नव्हती, म्हणून माझा निळ्या चौकटीचा रुमाल फाडून. तीन बोटं तुटली होती. त्याला सांगितलं, पूल ओलांडून इस्पितळात चल. रक्त थुंकून म्हणाला, मी गावाबाहेर पाऊल टाकलं की बहीण माझ्या घरात पाऊल टाकेल.

९ सप्टेंबर

सकाळी ओझेमच्या दारासमोर बदामी रंगाचा जुना फ्रिज उभा. हा मी मिस फिलोमीनच्या घराखाली पाहिला होता, त्यात त्या मासेमारीचं आमिष ठेवायच्या. म्हणाल्या, ओझेमचा फ्रिज पाण्यानं नेला, म्हणून हा दिला होता. त्यातही सडलं सगळं. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. बिनविनोदाचा फ्रिज इथं पहिल्यांदा पाहिला.

आतून वाजत होतं. जोरात. पट्टी दर ठोक्याला ताणत होती. मी अल्सीडकडे पाहिलं. त्यानं फक्त दोन बोटं वर केली. उन्हानं डोकं तापलं होतं, मागं ट्रक भोंगा देत होता. मी हिरवी पट्टी काढली आणि दोन वेढे मारले. मग आणखी दोन. माझ्या मनानं.

ओझेम दिसला नाही. रुसला असेल.

११ सप्टेंबर

ओझेम ह्यूस्टनला मुलीकडे गेला म्हणतात. पोस्टात तेच सांगितलं, दुकानातही तेच, त्याच शब्दांत. त्याची जागा नगरपालिकेला मिळाली म्हणे. गाडी मात्र दारात आहे. चष्मा व्हरांड्यातल्या खुर्चीवर.

मिस फिलोमीन आज पिकॅनच्या झाडाखाली टोपली घेऊन फळं वेचत होत्या. गाणं गुणगुणत होत्या. दुःख माणूस असं लपवतो बिचारा.

१२ सप्टेंबर

डंपावर गेलो होतो. ट्रक मोजायला माणूस नव्हता म्हणून बाईंनी पाठवलं. त्यांना माहीत नसावं त्या ट्रकमध्ये काय —

नऊ तारखेपासून भरून उभ्या ट्रकमधला बदामी फ्रिज. माझी हिरवी पट्टी. पंजानं तो मधोमध धरला आणि दाबला, पत्रा फाटला, दार अर्धं निखळलं आणि आतून हात बाहेर लोंबला. निळ्या चौकटीचा रुमाल. माझा. दाराच्या आतलं प्लास्टिक नखांनी पार सोललेलं. पट्टी न बांधलेल्या हाताला नखंच नव्हती.

पंजा फिरला तसा हात हलला. यंत्राच्या हिसक्यानं. तीन दिवस झाले, यंत्राच्याच हिसक्यानं.

चालकानं खाली पाहिलं, मला पाहिलं. हात केला, शेजारी करतात तसा. मग फ्रिज ढिगात घातला आणि पंजानं ठेचला. पुन्हा ठेचला. खालून जे वाहिलं ते सडलेलं नव्हतं, लाल होतं.

मी मारलं त्याला. चार वेढे. ते ठोके त्याचे होते.

१३ सप्टेंबर, सकाळ

मोबाइलला अजून रेंज नाही. पोलीस गावात एकच, अल्सीडचा जावई. रात्र गाडीत काढली. आता पुलाच्या तोंडाशी आहे. पूल रिकामा, पलीकडे मोठा रस्ता, तासाभरात तालुक्याचं पोलीस ठाणं.

पण दुसरं घर तिचं आहे. म्हातारी एकटी आहे, आणि जे झालं ते तिला सांगणारा या गावात फक्त मी आहे. मी ठाण्यावरून येईपर्यंत तिच्या दारात फ्रिज उभा असेल. एक माणूस माझ्या हातानं गेला. दुसरा नाही जाऊ देणार.

परत फिरतो. तिला गाडीत घालून निघायचं.

१३ सप्टेंबर, दुपार

सांगितलं सगळं. रुमाल, नखं, सगळं. ती रडली नाही. कॉफी ओतली. विचारलं, आणखी कुणाला सांगितलंस का रे बाळा? म्हटलं, कुणाला नाही. घर सोडून येणार नाही म्हणते. हात जोडले, तरी नाही.

अल्सीडची गाडी आली. मागं आणखी दोन. जिन्यावर बूट —

ती म्हणाली, लपायला जागा एकच. बांधलेला फ्रिज या गावात कुणी उघडत नाही. स्वयंपाकघरातला पांढरा, धुऊन पुसून कडेला ठेवायला काढलेला. वरवर एक पट्टी लावते, ते गेले की काढते. पाठीवरून हात फिरवला माझ्या.

आत आहे. गुडघे छातीला. मोबाइलच्या उजेडात लिहितोय, नाहीतर ओरडेन —

बोलतायत. कपांचा आवाज. व्हरेबाई हसल्या. त्या म्हणतायत, ठरल्याप्रमाणे भिंत तुझ्या स्वयंपाकघरामागून वळवू फिलोमीन, तू तुझा शब्द दोनदा पाळलास.

दोनदा.

फ्रिज हलला. ढकलगाडी. जिना, एकेक पायरी, डोकं आपटतंय. रक्त डोळ्यात —

ऊन लागतंय. पत्रा तापला. म्हणजे कडेला. लाथा मारतोय. मारतोय. ट्रकचा भोंगा लांब आहे अजून —

बाहेर कुणीतरी बाई. गावची नाही, बोलणं उत्तरेकडचं. मदतीला आलेल्या चर्चमधली असेल. विचारतेय, आत काय वाजतंय? थांबली आहे. ओरडलो. देवा, ऐकतेय ती. हात लागला दाराला, पट्टीचं टोक खरवडतेय —

मिस फिलोमीन. किती मायेनं बोलतेय. घाबरू नको गं पोरी, गॅस धरतो आत. नवीन आहेस ना. ही घे पट्टी, अजून दोन वेढे मा