बादल्यांचा तक्ता आणि दुपारचा भोंगा

जुनी हुबळी,
रविवार सकाळ

ती. गोदूमावशीस,

सुमंतचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, कंबर अजून धरलेली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? निपाणीची हवा मानवली का? वत्सलाअक्का चहा वेळेवर देते ना? इकडे आम्ही चौघंही मजेत आहोत. नेत्राची शाळेतली नोकरी सुरू आहे, मुलांपैकी साकेत परीक्षेचा अभ्यास करतोय असं साकेत म्हणतो आणि वेदश्री तसं म्हणत नाही. काळजीचं कारण नाही. खरं तर फोनच केला असता, पण नको तो विषय निघाला की तुझ्या फोनला ऐकू येईनासं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पत्राला तो आजार नाही.

तू आठ दिवसांसाठी म्हणून गेलीस, त्याला आज एकेचाळीस दिवस झाले. नेत्राचं म्हणणं, तू त्या तक्त्यामुळे गेलीस. मी तिला ठणकावून सांगितलं की मावशी असल्या गोष्टी मनाला लावून घेणारी नव्हे. तक्ता म्हणजे न्हाणीघराच्या दारावर मी चिकटवलेला तो कागद. आपल्या गल्लीत नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी येतं आणि साकेत एका आंघोळीला चार बादल्या उडवतो, म्हणून मी प्रत्येकाच्या बादल्या ठरवून दिल्या. सुमंत दोन, नेत्रा दोन, वेदश्री दोन, साकेत दीड (शिक्षा म्हणून), आणि सगळ्यांत खाली लाल शाईने, 'इतर : उरल्यास एक.' तू सकाळी चष्मा लावून तो वाचलास, 'अक्षर छान आलंय हो' म्हणालीस आणि संध्याकाळी बॅग भरलीस. मला खरोखरच वाटलं होतं की तुला अक्षर आवडलं.

हा तक्ता मला सुचला कुठून, तेही सांगतो, म्हणजे निदान सगळा दोष माझ्या एकट्याच्या डोक्याला जाणार नाही. तारिहाळला आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात जो सर्व्हर आहे ('आज काय म्हणतं तुझं यंत्र?' असं तू रोज संध्याकाळी विचारायचीस, तेच ते यंत्र), त्याच्यावर त्याच आठवड्यात मी मर्यादा घातल्या होत्या. तू तीस वर्षं गणित शिकवलंस, तुला कळेल. यंत्रात चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. अशी शेकडो कामं एकाच वेळी चालतात आणि एकमेकांच्या तोंडचं ओढतात. डिझाइनवाल्यांचं मोठं गणित सुरू झालं की माल रवाना करणाऱ्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या थांबतात, आणि भांडण माझ्या टेबलावर येतं. म्हणून प्रत्येक प्रोसेसला कुठल्या तरी प्रोजेक्टमध्ये घालायचं. प्रोजेक्ट म्हणजे यंत्रातलं रेशनकार्ड समज. कार्डावर नावं, आणि कार्डाला एकूण किती मिळणार त्याचा आकडा. एखाद्या कामाच्या पोटी दुसरं काम जन्मलं, तर तेही आईच्याच कार्डावर. मी डिझाइनचं एक, रवानगीचं एक, स्टोअरचं एक अशी कार्डं केली. ज्यांचं नाव कुठेच नसतं त्यांना यंत्र आपणहून उरल्यासुरल्यांच्या कार्डावर टाकतं. त्या कार्डाला मी एका वेळी वीस प्रोसेसची मर्यादा घातली. एकविसावीला दार बंद. भांडणं थांबली, मालकांनी पाठ थोपटली, आणि त्याच खुशीत घरी येऊन मी पट्टी आणि स्केचपेन हातात घेतलं.

तर गेल्या बुधवारी कारखान्याचा साडेबाराचा भोंगा वाजला नाही. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनात घड्याळ आहे, पण भोंग्याशिवाय मशीनवरचा हात काढायचा नाही ही आमच्याकडची जुनी शिस्त. तीनशे माणसं पोटात कावळे घेऊन छपराकडे बघत उभी. कँटीनमधल्या ज्वारीच्या भाकऱ्या कडक होत चालल्या. पाऊणच्या सुमाराला, जेवायची वेळ झाली तरी भोंगा कुठे, हे विचारायला फोरमन मंजुनाथ स्वतः जिना चढून आला. 'ऊटद टैम आगेद्री सर. भोंगा यल्ली?' म्हटलं, अरे, घड्याळ बघा आणि जेवायला बसा. त्यावर तो शांतपणे म्हणाला, 'घड्याळं तीनशे आहेत सर. भोंगा एक होता.'

शोध घेतला तेव्हा कळलं की भोंगा वाजवणारा इवलासा प्रोग्रॅम माझ्याच सर्व्हरवर आहे. माझ्या आधीचे राघवेंद्रअण्णा (निवृत्त होऊन धारवाडला असतात, तू त्यांना एकदा धपाटे खाऊ घातले होतेस) अठरा वर्षांपूर्वी लिहून गेले. तो कुठल्याच खात्याचा नाही. दिवसभर घड्याळावर नजर ठेवून बसायचं, वेळ झाली की पोटची एक छोटीशी प्रोसेस सुरू करायची, भोंगा द्यायचा, पुन्हा गप्प बसायचं. त्याची कधी तक्रारच आली नाही, त्यामुळे तो तिथे आहे याचा मला पत्ताच नव्हता. तो पडला होता उरल्यासुरल्यांच्या कार्डावर. मधल्या दिवसांत गेटवरचा कॅमेरा, कँटीनचा टीव्ही, नवा प्रिंटर, सगळे त्याच कार्डात शिरले होते. बुधवारी वीस भरले, आणि भोंग्याला यंत्राने सांगितलं, जागा नाही.

मी तडक कार्डांची यादी उघडून त्याचं नाव घातलं. स्वतंत्र कार्ड, राखीव वाटा. गुरुवारी साडेबाराला तीनशे माणसं पुन्हा छपराकडे बघत उभी! शेवटी लाज सोडून राघवेंद्रअण्णांना फोन केला. ते पोटभर हसले आणि म्हणाले, 'यादीत नाव लिहिलंस रे, पण त्याला कुणी सांगितलं? ते आहे तिथंच बसलंय, जुन्या कार्डावर. यादी बदलली म्हणून चालू प्रोसेस हलत नाही. तिला नव्या कार्डावर बोलावून आणावं लागतं.' तसं बोलावून आणलं, आणि शुक्रवारी भोंगा ठणठणीत वाजला. मंजुनाथने खालूनच हात जोडले.

त्या दुपारी मला मात्र डबा गेला नाही. मावशी, मला लाज वाटली. नळाची पहिली घरघर घरात कोणाला ऐकू येते? पिंपं कोण भरतं, हंड्यावर फडकं कोण बांधतं, आणि सगळ्यांच्या आधी उठून एका बादलीत आंघोळ उरकून कोण मोकळं होतं? बावीस वर्षांत तुझी तक्रार आली नाही, म्हणून तू माझ्या हिशेबातच आली नाहीस. जे पाणी मी पट्टीने आखून वाटलं, ते तू भरलेलं होतं. तू गेल्यापासून सहा वेळा पाणी आलं. आम्हाला दोनदा मिळालं. त्यातल्या एकदा साकेत नळ सुरू ठेवून क्रिकेट बघत बसला, तेव्हा गल्लीची आंघोळ झाली.

असो, विषय भलतीकडे गेला. सांगायचं एवढंच की आमचं सगळं व्यवस्थित चाललंय. तू परत यायची घाई करू नकोस. वत्सलाअक्कालाही सोबत हवी.

तुझा,
सुमंत

ता. क. १ : आधी काळं पिंप भरायचं की निळं? नेत्रा काळं म्हणते, मी निळं. दोघांनाही माहीत नाही.

ता. क. २ : नवा तक्ता केला आहे. तुझं नाव सगळ्यांत वर, समोर आकडा नाही. वाटेल तेवढ्या. नेत्राने तो पाहिला आणि विचारलं, 'आणि हा मावशींनी निपाणीहून वाचायचा का?' तेव्हा हे पत्र लिहायला बसलो.

ता. क. ३ : वर 'घाई करू नकोस' लिहिलंय ते खोड. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी तुला न्यायला येतोय. रागावली असशील तर रागाव, पण घरी येऊन रागाव.

ता. क. ४ : आत्ता नळ घरघरतोय. आम्ही चौघंही घरातच आहोत आणि एकमेकांकडे बघत उभे आहोत.