धुलाई बाहेर गेली

६ फेब्रुवारी

बोअर पुन्हा खाली गेली. पंप पाणी कमी, हवाच जास्त ओढतोय. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, बघू. गेल्या उन्हाळ्यातही बघूच म्हणाले होते. रंगवलेलं कापड धुवायलाच कारखान्याचं निम्म्याहून जास्त पाणी जातं, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच माझा कंटाळा आलाय.

त्यात आमचं कापड घेणाऱ्या कंपनीचा निरोप — मेपर्यंत पाण्याचा वापर एक-तृतीयांश कमी करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. साहेबांनी तो निरोप सरळ माझ्याकडे सरकवला. पाण्याचं खातं माझं ना!

९ फेब्रुवारी

दमले.

१७ फेब्रुवारी

आठवडाभर गळके व्हॉल्व्ह शोधत फिरतेय. वापरलेलं पाणी गाळून पुन्हा धुलाईला घेऊन पाहिलं, तर पांढऱ्या कापडावर निळी झाक! रंगखात्याचे मास्तर ते कापड माझ्या नाकापुढे धरून उभे राहिले. चांगलं गाळायचं यंत्र घ्या म्हणून साहेबांच्या मागे लागलेय. त्यांचं उत्तर ठरलेलं — बघू.

घरीही मी नळ बंद करत हिंडते. नवरा म्हणाला, बाई गं, निदान दाढीपुरतं तरी पाणी ठेव. हसले. हसायलाही आता जीव लागतो.

२ मार्च

साहेबांना युक्ती सुचली. धुलाईच बाहेर द्यायची! टेकडीपलीकडे एक ठेकेदार शेड टाकतोय. कायम काळा गॉगल, ऑफिसातसुद्धा काढत नाही. ओलं कापड ट्रकने त्याच्याकडे जाणार, धुऊन परत येणार. मी म्हटलं, साहेब, पाणी तेवढंच लागणार, फक्त दुसऱ्या ठिकाणचं.

"फाटकाबाहेरचं पाणी आपलं नाही," ते म्हणाले.

यावर भांडायला हवं होतं. भांडले नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

टेकडीपलीकडे मावशी राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. गॉगलवाल्याने गप्पांत विचारलं, तिकडे ओळखीचं कुणी आहे का, तर मी मावशीचं सांगितलं. अरे वा, म्हणाला.

२८ मार्च

वापर निम्म्याच्याही खाली! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. टाळ्याही झाल्या. घरी आले आणि न जेवता झोपले.

११ एप्रिल

मावशीचा फोन. सहज केला म्हणे. ती सहज म्हणून कधी फोन करत नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं — विहिरीचा तळ दिसतोय. तिच्या एकटीच्या नाही, गल्लीतल्या सगळ्यांच्या.

म्हटलं, इकडे ये राहायला. तर म्हणते, "तुमच्या तिसऱ्या मजल्यावर मी करू काय? लोकांच्या गच्च्या बघत बसू?" तिला ते घर सोडायचं नाही. मी जास्त बोलले असते तर फोन ठेवला असता तिने.

१३ एप्रिल

जाऊन आले. गल्लीच्या तोंडाशीच नवी बोअर, तिच्यावर धडधडणारा पंप, तिथून जाड पाइप थेट ठेकेदाराच्या शेडमध्ये. आमचंच कापड तिथे वाळत पडलेलं. लांबून रंग ओळखला मी.

मावशी वाळली आहे. पाणी लांबून आणते. मी बादली उचलायला गेले तर हातातून ओढून घेतली. ठेकेदाराबद्दल चकार शब्द नाही. मीच त्याला शिव्या घालत बसले. त्याला आणि साहेबांना. लाज वाटली, चीडही आली.

१६ एप्रिल

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कानावर हात ठेवले. ठेकेदाराचं ठेकेदार बघेल! मला म्हणाले, तुमचा आकडा चांगला आलाय, गोड मानून घ्या.

५ मे

ऑर्डरवाल्या कंपनीची तपासणीस आली. तरुण मुलगी, प्रवासाने आंबलेली. मीटर पाहिले, खूश झाली. इतकं पाणी कसं वाचवलंत, असं मलाच विचारलं. साहेब माझ्याकडे बघून हसत होते.

मी म्हटलं, "वाचलेलं नाही. टेकडीपलीकडे गेलंय. चला, दाखवते."

साहेबांचं हसू तिथल्या तिथे विरलं. ती मात्र लगेच उठली. तिने बोअर पाहिली, कोरड्या विहिरी पाहिल्या. मावशी दारात आली नाही, घरात नसावी.

७ मे

पाण्याचं खातं काढून घेतलं. आता मी गोदामात. नवरा म्हणाला, बरं झालं, आता घरात नळ तरी मोकळे. मग बराच वेळ हात धरून बसला.

२१ मे

जमलं! त्या कंपनीने बजावलंय — बाहेर धुतलेल्या कापडाचं पाणीही तुमच्याच नावावर. साहेब वठणीवर. गाळायचं यंत्र येणार, धुलाई परत फाटकाच्या आत. ठेकेदाराचा पंप कालपासून बंद! हे मावशीला फोनवर नाही सांगायचं. तिच्यासमोर बसून सांगायचं. किती दिवसांनी भूक लागली आज.

२४ मे

सांगितलं. मावशी खूश झाली नाही. गल्लीत सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय कुणी बोअर घेत नाही. ठेकेदाराला सगळे नाहीच म्हणत होते. मावशी म्हणाली, "मग तो माझ्याकडे आला. तुझं नाव सांगितलं. मीच दारोदार गेले गं. म्हटलं, आमच्या पोरीच्या कंपनीचं काम आहे, पाणी तीच सांभाळते, तिच्या हातून वाईट व्हायचं नाही."

तेव्हापासून गल्लीत तिच्याशी कुणी बोलत नाही. उद्या टेम्पो सांगितलाय. ती आमच्याकडे राहायला येतेय.