आठ लाखांच्या आत

२० जून
श्रेयाला सीईटीत चौऱ्याण्णव पर्सेंटाइल. डोकं माझ्यावर गेलंय. कम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की मुलींना ट्यूशन फी माफ. प्लॉटिंगच्या कमिशनमधून मला सुटतात जेमतेम चार. म्हणजे काम झाल्यातच जमा. बायकोला म्हटलं, तू काळजी सोड, हा तुझा बद्रीनाथ आहे ना.

२३ जून
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रातल्या संघपालनं आयटी रिटर्न मागितला. विसरलोच होतो. मागच्या वर्षी त्यात साडेनऊ लाख दाखवलेत. त्याशिवाय बँक एसयूव्हीला लोन देत नव्हती. वैजापूरच्या साडूनं नवी कार घेतल्यावर मला तिच्याहून मोठी घेणं भागच होतं. संघपाल म्हणे, काका, हे तर वर चाललंय. पोरगा नवीन आहे.

१ जुलै
फुलंब्रीला तलाठ्याकडं गेलो. वजन पडावं म्हणून मुद्दाम गाडीनं. सांगितलं, रिटर्न नुसता दाखवायचा होता, कमाई चारच लाख. तो खिडकीतून गाडीकडं बघत राहिला. म्हणे, बँकेला लबाड बोललात का मला बोलायलात, ते आधी ठरवा. दाखला नाही दिला. माणूस जळका.

१२ जुलै
बायको म्हणते, गाडी विका, लोन फेडून उरेल त्यात पहिल्या वर्षाची फी भागेल. अशक्य. पुढच्या महिन्यात साडूकडं वास्तुशांत आहे. तिथं काय एसटीनं जायचं?

२८ जुलै
एज्युकेशन लोनला गेलो. मॅनेजर म्हणे, गाडीचे तीन हप्ते थकलेत, एवढ्या कमाईच्या माणसाला शोभत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी मी श्रीमंत आणि बँकेच्या लेखी भिकारी. सिस्टिमच सडलेली. उद्यापासून तक्रारी करणार, थेट वरपर्यंत.

३ ऑगस्ट
तक्रार उद्या. श्रेयाला कम्प्युटरची सीट लागली. पेढे आणले. कॉलेज म्हणतं, दाखला आणा नाहीतर पूर्ण फी भरा. पेढ्यांचा बॉक्स तसाच आहे.

६ ऑगस्ट
मुदत संपली. सीट गेली. श्रेया रडली नाही, पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. फार वाईट वाटलं. नियम करणाऱ्यांना पोरी नसतात का?

१७ ऑगस्ट
वास्तुशांत झाली. गाडी सगळ्यांनी पाहिली. साडूनं विचारलं, श्रेयाचं काय? म्हटलं, तिलाच इंजिनिअरिंग नको होतं. श्रेया शेजारीच उभी होती.

१९ ऑगस्ट
श्रेया बीएस्सीचा फॉर्म भरत बसली होती. मला विचारलं, पप्पा, उत्पन्न कुठलं लिहू? आपलं, का वैजापूरच्या काकांना दाखवायचं?
खाली जाऊन गाडी पुसली.