जिरेनियमच्या तीन कुंड्या

धाकट्या,

तुला उठवलं नाही. मी कामावर चाललेय, सहाला येईन. तोवर आई तुझी.

काल फार बोलले, पण खोटं एक अक्षर बोलले नाही. आठ महिन्यांनी उगवलास आणि भेट म्हणून जिरेनियमच्या तीन कुंड्या घेऊन आलास! आईला अंघोळ घालायची, भरवायचं, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, आणि आता तुझ्या झाडांना ऊन दाखवायला गच्चीवर न्यायचं, एवढंच काय ते राहिलं होतं. दोन कुंड्या सकाळी शेजारच्या शिंपीणबाईंना देऊन टाकल्या. राग आला तर येऊ दे, समजूत काढायला मला वेळ नाही.

तिसरी आईच्या उशाशी ठेवलीय. तिने एक पान चुरगळलं, हुंगलं आणि हसली. मग तुला हाक मारली. ती दिवसभर तुलाच हाका मारते, माझं नाव विसरलीय.

औषध दहाला, खाणं झाल्यावर. तिने हाक मारली की फोन ठेव, जवळ जा आणि ओ दे. इतके दिवस तुझ्या नावाला मीच ओ देतेय.

ताई